कामगारांचं मन पुन्हा पुन्हा उतरतंय? केक कापण्याआधी रजेच्या चिठ्ठ्या मोजा

सोमवारी सकाळी सात वाजता लाईनवर अठरा माणसं हवीत आणि अकराच आलेली असतात. जी आली आहेत ती गप्प. रिजेक्शन (बाद होणारे नग) वाढलेलं, चहाच्या सुट्टीनंतर मशीन सुरू व्हायला दहा-दहा मिनिटं उशीर, आणि दुपारपर्यंत कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, उद्यापासून नाही येणार, हिशोब करा." कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "मन लागत नाही."

मी चाकण एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये एचआरचं काम बघते. त्याआधी भोसरीत होते. मिळून सतरा वर्षं झाली. गाड्यांचे सुटे भाग, तीन शिफ्ट, एकशे ऐंशीच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराकडची. मराठवाडा, विदर्भ, बिहार, ओडिशा इथून आलेली, एका खोलीत चौघं-पाच जण राहणारी. हा प्रश्न माझ्यासमोर दर तीन-चार महिन्यांनी येतो. दिवाळीनंतर येतो, लग्नसराईत येतो, मार्चच्या टार्गेटच्या धावपळीनंतर तर हमखास. बरीच वर्षं मी त्यावर चुकीचं औषध देत होते. आता काय तपासते आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहिते. तुमचा कारखाना वेगळा असेल, पण क्रम उपयोगी पडेल.

आधी काय करायचो आणि ते का पुरलं नाही

मॅनेजमेंटचा निरोप यायचा, "माणसांचं मोटिव्हेशन गेलंय, काहीतरी करा." मग आम्ही करायचो. महिन्याचे वाढदिवस एकत्र, केक, विभागांमध्ये क्रिकेटचे सामने, कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट. माणसं मनापासून भाग घ्यायची, हसायची, फोटो काढायची. पंधरा दिवसांनी हजेरी होती तिथेच परत.

सामन्यांत वाईट काहीच नाही, आम्ही ते अजूनही घेतो. पण त्यांचं काम वेगळं आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांच्या आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली. माणसाला कामात समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि त्याला नाराज करणाऱ्या वेगळ्या. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, कंपनीचे नियम यांत खोट असेल तर माणूस नाराज राहतो, आणि त्या नाराजीवर कौतुकाचा किंवा समारंभाचा उतारा चालत नाही. त्याच्या सिद्धांतावर पुढे टीका बरीच झाली, पण माझ्या शॉप फ्लोअरवर मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. छप्पर गळत असताना आम्ही भिंतीला रंग देत होतो.

दुसरं चुकीचं औषध म्हणजे सर्व्हे. मोबाईलवर फॉर्म पाठवला, "नाव लिहू नका" असंही सांगितलं. नव्वद टक्के उत्तरं "चांगलं", "खूप चांगलं". नंतर कँटीनमध्ये एका जुन्या सेटरने (मशीन लावून देणाऱ्याने) मला सांगितलं, "मॅडम, फॉर्म माझ्या नंबरवर आला. नंबर तुमच्याकडे आहे. मी काय लिहिणार?" त्याचं बरोबर होतं. जिथे विश्वास आधीच कमी आहे तिथे सर्व्हेत भीती मोजली जाते. म्हणून सुरुवात प्रश्नांनी करू नका. जे आधीच कागदावर आहे तिथून करा.

पहिली तपासणी: हजेरीपट

मागच्या तीन महिन्यांचा हजेरीपट घ्या. मंजूर रजा बाजूला काढा. उरलेल्या न सांगता मारलेल्या दांड्या तीन प्रकारे मांडा: कोणत्या लाईनवर, कोणत्या शिफ्टला, कोणत्या वारी. साध्या एक्सेलमध्ये तासाभराचं काम आहे.

"सगळ्यांचंच मन लागत नाही" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा हा तक्ता जवळजवळ नेहमीच वेगळं सांगतो. आमच्याकडे पाच लाईनपैकी दोन लाईनवर दांड्या बाकीच्यांच्या तिप्पट होत्या. त्यातली एक फक्त सेकंड शिफ्टला. म्हणजे आजार कारखानाभर पसरलेला नव्हता. आजाराला पत्ता होता.

एक-एक दिवसाच्या तुटक दांड्या आणि सलग चार-पाच दिवस गायब होणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुटक दांडी बहुधा थकव्याची किंवा सुपरवायझर टाळण्याची असते. सलग गायब होणं बहुधा न मिळालेल्या रजेचं असतं. माणूस गावी गेलेला असतो, आणि आल्यावर बोलणी खावी लागतील म्हणून परत येत नाही.

दुसरी तपासणी: रजेचा ड्रॉवर

हे मला उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. लातूरकडचा एक पोरगा, व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर) चांगला हात बसलेला, अचानक यायचा बंद झाला. पगार बाकी, पीएफचे पैसे जमा, तरी फोन उचलेना. तीन आठवड्यांनी त्याच्या खोलीतल्या मित्राने सांगितलं, बहिणीच्या साखरपुड्यासाठी त्याने महिनाभर आधी चिठ्ठी दिली होती. सुपरवायझर म्हणाला, "बघू." आठवड्याने पुन्हा विचारलं, "बघू." साखरपुड्याच्या आदल्या दिवशी विचारलं, तेव्हा "आता कशी देणार, लोड आहे." पोरगा त्या रात्री एसटीने गेला तो गेलाच.

मी त्या सुपरवायझरच्या टेबलाशी गेले आणि ड्रॉवर उघडायला सांगितला. व्हर्नियर, दोन तुटक्या इन्सर्टच्या डब्या, आणि त्यांच्याखाली रजेच्या चिठ्ठ्या. काहींवर कूलंटचे, म्हणजे धातू कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, पिवळे डाग पडून अक्षर पुसलेलं. मोजल्या: एकेचाळीस. ना मंजूर, ना नामंजूर. त्यातल्या सगळ्यात जुनीवर पाच महिन्यांपूर्वीची तारीख होती. "आईचे डोळ्याचे ऑपरेशन आहे तरी दोन दिवस मिळावेत ही विनंती."

सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्याला नाही म्हणायचं जिवावर यायचं आणि हो म्हणायचा अधिकार नव्हता, म्हणून तो "बघू" म्हणायचा. पण त्या एका शब्दावर माणूस ना घरी काही कळवू शकत ना तिकीट काढू शकत. नकार मिळाला तर माणूस रागावतो, दुसरी सोय करतो. "बघू"वर तो नुसता वाट बघत राहतो, आणि रोज आठ तास त्या ताणाखाली मशीनवर उभा असतो.

आम्ही केलेला बदल असा. चिठ्ठी दिली की त्याच वेळी खालचा तुकडा फाडून कामगाराच्या हातात, तारखेसह. दोन दिवसांत लेखी उत्तर, नाही असेल तर कारण आणि "या तारखांना चालेल का" असा पर्याय. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तो तुकडा घेऊन त्याने थेट माझ्याकडे यायचं. आजार, बाळंतपण आणि मयत यांसाठी सुपरवायझरने जागेवर हो म्हणायचं, परवानगी वरून घ्यायची ती त्याची जबाबदारी.

शिवाय सणांच्या रजांचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर. कोकणातल्यांना गणपती-गौरी, बिहारच्या माणसांना छठ, काहींना आषाढीची वारी, काहींना पेरणीचे चार दिवस. सगळे एकाच वेळी जात नाहीत, हे तक्ता लावल्यावर आम्हालाच पहिल्यांदा दिसलं. छठला जाणारा दिवाळीत थांबायला तयार असतो, फक्त त्याला आधी विचारावं लागतं.

कायद्याचं एक इथेच सांगते. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि ती अट १८० दिवसांवर आली. ठेकेदाराच्या माणसांनाही हा हक्क आहे. आमच्या ठेकेदाराकडच्या बहुतेकांना आपल्या खात्यावर रजा असते हेच माहीत नव्हतं.

तिसरी तपासणी: शिफ्टचा फिरता क्रम

सेकंड शिफ्टच्या दांड्यांचं मूळ इथे निघालं. आमच्या शिफ्ट सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात. शनिवारी सेकंड करून माणूस रात्री बाराला सुटायचा. बस त्याला एकच्या सुमारास खोलीवर सोडायची. जेवण, अंघोळ, डोळा लागायला दोन. आणि ऑर्डरचा जोर असला की रविवारी सकाळी सातला ओटीला (जादा कामाला) बोलावणं, म्हणजे साडेपाचला उठणं. साडेतीन तासांच्या झोपेवर माणूस फिरत्या स्पिंडलसमोर उभा राहायचा. त्याने सोमवारी दांडी मारली तर आम्ही त्याला बेशिस्त म्हणायचो.

दोन नियम केले. एक शिफ्ट संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत किमान अकरा तास मोकळे, ओटी धरून. आणि शिफ्ट फिरवण्याची दिशा बदलली. आधी आम्ही नाईट, मग सेकंड, मग फर्स्ट असं उलटं फिरवत होतो. आता फर्स्ट, सेकंड, नाईट. शरीराचं आतलं घड्याळ बहुतेकांचं चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं शरीराला सोपं जातं, मागे ओढणं जड जातं. या बदलाला एक रुपया खर्च आला नाही. कुणीतरी वर्षांपूर्वी तसा तक्ता केला होता, म्हणून तो तसा चालू होता, एवढंच.

शिफ्टचा तक्ता चार आठवडे आधी लावा आणि लावल्यावर शक्यतो हात लावू नका. आयत्या वेळी "आज नाईटला ये" म्हणायची वेळ आली तर फोन सुपरवायझरने नाही, शिफ्ट इनचार्जने करायचा, आणि माणसाला नाही म्हणायची मुभा हवी. फोन करणं अवघड केलं की असे फोन आपोआप कमी होतात.

चौथी तपासणी: पगाराची स्लिप

सात तारखेला पगार झाला म्हणजे आपलं काम झालं, असं मलाही वाटायचं. पगार होतो, पण तो बरोबर होतो का?

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये. सव्वीस दिवसांनी भागले तर रोजचे ६००, तासाचे ७५. ओटीचा दर दुप्पट, म्हणजे १५० रुपये तास. हजेरीच्या पंचिंग मशीनने एका दिवशी बोटाचा ठसा घेतला नाही आणि चार तासांची ओटी गळाली, तर ६०० रुपये गेले. म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी. ऑफिसमध्ये बसलेल्या माणसाला ती किरकोळ चूक वाटते आणि तो म्हणतो, "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू." पुढच्या महिन्यात ते राहून जातं. तिसऱ्या महिन्यात कामगार विचारणं सोडतो, आणि जादा दोन तास थांबायला सांगितलं की नकाराची मान हलवतो.

आता स्लिप हातात पडली की पुढचे दोन दिवस, तिन्ही शिफ्ट बदलायच्या वेळी, मी किंवा माझी सहकारी गेटजवळ टेबल टाकून बसतो. नाईटवाल्यांसाठी रात्री बाराला. ज्याची चूक निघेल त्याचे पैसे बारा तारखेच्या आत खात्यावर, पुढच्या पगारात नाही. पहिल्या महिन्यात तेवीस तक्रारी आल्या. त्यातल्या एकोणीस खऱ्या होत्या. चौथ्या महिन्यात तीन.

सोडून गेलेल्या माणसाचा हिशोबही लवकर करा. त्याचे खोलीतले मित्र आपल्याकडेच काम करत असतात आणि त्याला किती हेलपाटे पडले ते रोज रात्री ऐकत असतात.

हे लिहिताना मला नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून त्यांनी ज्या मागण्या पुढे ठेवल्या, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाची वेळ सूर्यास्तापर्यंतच, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला. माझ्या तक्रारवहीतली पानं उघडली तर आजही हेच विषय दिसतात: सुट्टी, विश्रांती, वेळ, पगार, दुखापत. आपल्याकडच्या कामगाराला काय टोचतं ते शोधायला परदेशी पुस्तकांत जायची फारशी गरज नाही. ते इथे, आपल्याच भाषेत, फार पूर्वी सांगून झालेलं आहे.

पाचवी तपासणी: सुपरवायझर बोलतो कसा

तिप्पट दांड्यांच्या त्या दोन लाईनपैकी दुसरीचं दुखणं हे होतं, आणि ते सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागला.

सुपरवायझर बहुतेक वेळा उत्तम ऑपरेटर असतो. आयटीआय करून आलेला, मशीनच्या आवाजावरून टूल गेलं ते ओळखणारा. म्हणून त्याला बढती मिळते. दुसऱ्या दिवसापासून त्याने अठरा माणसं सांभाळायची असतात आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला जे दिसलं आहे तेच तो करतो. सकाळी साडेआठच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये त्याला सगळ्यांसमोर झापतात. नऊ वाजता तो लाईनवर येतो आणि तेच पुढे देतो.

त्या लाईनवर मी चार दिवस नुसती उभी राहिले. कंपनीच्या कायमस्वरूपी कामगारांना सुपरवायझर नावाने हाक मारायचा, काहींना "दादा", "भाऊ" म्हणायचा. ठेकेदाराच्या माणसांना "ए लेबर". त्यांतला एक गेली चार वर्षं त्याच मशीनवर होता. त्याचं नाव सुपरवायझरला माहीत होतं, मी विचारल्यावर लगेच सांगितलं. फक्त हाक मारताना ते तोंडात यायचं नाही.

आम्ही सुपरवायझरला समज देऊन मोकळे झालो नाही. आधी सकाळची मीटिंग बदलली. प्लँट हेडशी मी हे बोलले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे सुरुवात माझ्यापासून आहे." तेव्हापासून मीटिंगमध्ये आकडा विचारतात आणि काय अडलं ते विचारतात. चुकीबद्दल बोलायचं तर नंतर, केबिनमध्ये, एकट्याशी. मग सुपरवायझरांसाठी महिन्यातून दोन तास ठेवले. त्यात व्याख्यान नाही. खरे प्रसंग घेतो: माणूस उशिरा आला, पहिलं वाक्य काय बोलाल? रिजेक्शन निघालं, सगळ्यांसमोर काय बोलाल आणि बाजूला घेऊन काय? ते एकमेकांनाच शिकवतात आणि मराठवाड्याच्या बोलीत जे समजावतात ते मला कधी जमलं नसतं.

आणखी एक. शिफ्टच्या सुरुवातीची पाच मिनिटं. आज काय लोड आहे, कोणतं मशीन कुरकुरतंय, काल ज्याने अडचण सांगितली तिचं काय झालं. हा शेवटचा मुद्दा कधी गाळू नका. "कालचा पंखा आज इलेक्ट्रिशियन बघतोय" एवढं सांगितलं तरी सांगणारा पुन्हा सांगतो.

बाकीचं पटकन

पिण्याचं पाणी, पंखे, संडासाची स्वच्छता, लॉकर, उभ्याने काम करणाऱ्यांना मधूनमधून टेकायला स्टूल: हे रोज एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नाईटलाही. बायका काम करत असतील तर त्यांचं स्वच्छतागृह लाईनपासून किती पावलांवर आहे ते चालून मोजा. लांब असेल तर त्या दिवसभर पाणी कमी पितात, आणि हे तुम्हाला कुणी येऊन सांगणार नाही. लैंगिक छळविरोधी समितीच्या सदस्यांची नावं आणि नंबर मराठीत आणि हिंदीत लावा.

कूलंटने हाताला खाज आणि भेगा पडतात, ही आमच्याकडची जुनी तक्रार. फिरत्या मशीनवर हातमोजे घालता येत नाहीत, ते अडकून हात ओढला जातो. त्यामुळे कूलंटचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाने) रोज तपासणं, वास यायला लागला की टाकी धुऊन बदलणं, आणि हात धुवायला साबण-पाण्यासोबत क्रीम ठेवणं हाच उपाय. शॉपमधली माणसं धुण्याच्या पावडरीने किंवा थिनरने हात धुताना दिसली, तर साबण संपलाय हे समजा.

कँटीनमध्ये कायम आणि ठेकेदाराचे अशा दोन रांगा असतील तर त्या आजच मोडा. आमच्याकडे ठेकेदाराची माणसं दुसऱ्या पंगतीला बसायची आणि त्यांच्यापर्यंत उसळीतला रस्साच उरायचा. नव्या संहितेत ठेकेदाराची माणसं धरून शंभर कामगार असले तर कँटीन हवं, आणि या सोयींची जबाबदारी मुख्य मालकाची आहे.

सगळं तपासलं, तरी एखादा माणूस गप्पच

मग कारण कारखान्याबाहेर असू शकतं. कर्ज, मोबाईलवरच्या ॲपने घेतलेलं कर्ज, घरचं आजारपण, दारू, मोडलेलं लग्न. त्याला केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये बोलावलं की नोकरी गेली असं वाटतं. चहाच्या वेळी शेजारी जाऊन उभं राहा. "काही झालंय का?" असं विचारलं की "काही नाही" येतं. "गेल्या आठवड्यापासून डबा अर्धा परत नेतोस, दिसतंय मला" असं विचारलं की माणूस थांबतो.

ऐकून घ्या. सल्ल्याची घाई नको. त्याने जगण्याचा कंटाळा आल्याचं, संपवून टाकावंसं वाटत असल्याचं कुठल्याही शब्दांत सांगितलं, तर ते हलक्यात घेऊ नका आणि त्याला एकटं सोडू नका. घरच्या किंवा खोलीतल्या जवळच्या माणसाला बोलावून घ्या, दवाखान्यात सोबत जा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. तो आम्ही लॉकरच्या दारांना आतून चिकटवला आहे. उघड्या भिंतीवरचा नंबर कुणी चार लोकांसमोर लिहून घेत नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) येतो. आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, त्याचे काही महिने हप्ते भरलेले असतील तर. हे माहीत नसल्याने माणसं ताप अंगावर काढून मशीनवर येतात. कार्ड आणि जवळच्या दवाखान्याचा पत्ता कामावर घेतानाच हातात द्या.

फरक पडला हे कसं ओळखायचं

पहिल्या महिन्यात तक्रारी वाढतील. घाबरू नका. आधी त्या ड्रॉवरमध्ये होत्या, आता तुमच्यापर्यंत येतायत. दीड-दोन महिन्यांनी न सांगता मारलेल्या दांड्या आणि पहिल्या तीन महिन्यांत सोडून जाणाऱ्यांची संख्या बघा. आमच्याकडे आधी दांड्या उतरल्या, सोडून जाण्याला फरक पडायला पुढची दिवाळी जावी लागली. आणखी एक खूण मी बघते: कामगार स्वतःच्या गावाकडच्या भावाला, मेव्हण्याला इथे चिकटवायला आणतोय का? जिथे आपल्याला त्रास आहे तिथे माणूस भावाला आणत नाही. मागच्या वर्षभरात आमच्याकडे अशी चौदा पोरं आली.

पुन्हा उलटलं तर

उलटतंच, म्हणून ते कधी उलटतं ते लिहून ठेवा. माझ्या वहीत तीन वेळा आहेत. नवा सुपरवायझर आला की. मोठी ऑर्डर आली आणि अकरा तासांचा नियम "फक्त या आठवड्यापुरता" मोडला की. आणि ठेकेदार बदलला की, कारण नवा ठेकेदार जुनी रजा, जुनी सेवा काही मानत नाही आणि माणसाची चार वर्षं एका दिवसात पुसली जातात. त्यामुळे आता ठेकेदाराशी करार करतानाच प्रत्येकाची शिल्लक रजा आणि रुजू झाल्याची तारीख यांची यादी जोडतो आणि त्यावर दोघांच्या सह्या घेतो. गेल्या जूनमध्ये ठेकेदार बदलला, तेव्हा ती यादी गेटवर लावली. शिफ्ट सुटल्यावर माणसं तिच्यासमोर गर्दी करून आपापलं नाव बोटाने शोधत होती.